मालक उठले काय?

"मालक उठले काय?" असं मला विचारण्यात आलं. माझ्याच बागेत, माझ्याच हापूसच्या कलमाखाली, माझ्याच हातात माझीच पहार असताना. आज चार दिवस झाले, तरी जेवताना मध्येच आठवतं आणि आमटी कडू लागते.

माझा अवतार मालकाचा नव्हता, हे कबूल. जुनी बनियन, गुडघ्यापर्यंत खोचलेली लुंगी आणि डोक्यावर खताच्या पिशवीची खोळ. पण देवगडात जुलै महिन्यात कुठला मालक कोट घालून कल्टार घालतो? कल्टार म्हणजे कलमाची वाढ रोखून मोहर आणणारं औषध, त्याला दापोलीच्या कृषी विद्यापीठाने १५ जुलै ते १५ ऑगस्ट ही मुदत दिलेली. आमचे नेपाळी गडी हंगाम उरकून गावी गेलेले. पाऊस जरा ओसरला म्हणून कल्टार घालणाऱ्याला बोलावून घेतलं. टेपचं दुसरं टोक धरायला चिरंजीव येणार होते. वय सत्तावीस, शिक्षण इंजिनिअरिंग. पुण्यात पाच महिने नोकरी केली. "सूट होत नव्हतं" म्हणून परत आले, त्यालाही आता तीन वर्षं झाली.

१ जुलैला मी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर अटी लिहून फ्रिजवर चिकटवल्या होत्या. सातला उठायचं, आपलं ताट आपण घासायचं, रोज दोन तास बागेत यायचं आणि महिन्याला दोन हजार घरात द्यायचे. त्याने शांतपणे सगळं वाचलं. "अक्षर अजून छान आहे हां बाबा तुझं," म्हणाला. "गणपती झाले की सुरू करू."

हे 'झाले की' प्रकरण मला तोंडपाठ आहे. गणपती झाले की दिवाळी, दिवाळी झाली की जत्रा, मग शिमगा, मग आंबा. आंबा संपेपर्यंत पाऊस लागतो, आणि पावसात कोण काय सुरू करतं? समुद्रातली मासेमारीसुद्धा १ जून ते ३१ जुलै बंद असते. पण तिथे ६१ दिवस मोजून होतात आणि बासष्टाव्या दिवशी होड्या बाहेर पडतात! स्पर्धा परीक्षेचं म्हणाल, तर सरकारने खुल्या गटाला वयोमर्यादा ३८ करून ठेवलीय. म्हणजे अजून अकरा वर्षं 'अभ्यास चालू आहे' हे उत्तर कायद्यात बसतं.

आमच्या घराण्याला हद्द सांभाळता येत नाही असं नाही. भाऊबंदांशी हद्दीच्या दगडी गडग्यावरून आमचा दावा आजोबांच्या वेळेपासून चालू आहे. वीतभर जागेसाठी तीन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवतायत. घरात मात्र मी गडग्याचा एक चिरा ठेवला की मागून ही तो काढते. "झोपूदे हो, रात्री जागतो तो." कशासाठी जागतो, हे विचारायचं नाही. शेवटी मी वायफायचा पासवर्ड बदलला. दुसऱ्या दिवशी चिरंजीव त्याच वादातल्या गडग्यावर बसून भाऊबंदांचं वायफाय वापरताना दिसले. शेजारी बशीत त्यांच्याकडचे घावणे. आमच्या वकिलाला कळलं तर काय म्हणेल?

तर कल्टारवाला. "कोण मालक?" मी विचारलं.

"ते काय, मगाशी पडवीत इले होते. माका हात केल्यानी आणि परत आत गेले."

"तो माझा मुलगा. मालक मी."

त्याने मला खोळीपासून चिखलातल्या पायांपर्यंत न्याहाळलं. "असां?" म्हणाला. पटलं नव्हतं. "बरा, धरा टेप."

कलमाचा विस्तार आठ मीटर भरला. मीटरला ३ मिली, म्हणजे २४. मी बुंध्याभोवती पहारीने भोकं पाडायची, त्याने मागून द्रावण ओतायचं. पाचव्या कलमाखाली त्याने विषय काढला.

"झिल किती वर्षांचो?"

"सत्तावीस."

"म्हणजे धा वर्षांच्या वरचो. चलात. वाढ कशी आसा?"

"वाढ भरपूर."

"पालवी?"

मला राहवेना. "दर दोन महिन्यांनी नवी. आधी ड्रोनचा कोर्स, मग होमस्टे, आता यूट्यूब."

"मोहर?"

"तीन वर्षांत नाही."

त्याने डबा खाली ठेवला आणि माझ्याकडे पहिल्यांदाच आस्थेने पाहिलं. "झाड जोरात आसा. जोरात असला काय फळाक बसणा नाय. जोर मोडूक व्हयो. तुमी खत ज्यास्त घातलात."

हे मात्र लागलं. बाइक, लॅपटॉप, फी, पुण्याचं डिपॉझिट, सगळं मीच घातलं होतं. पण ते चार लिटर पाण्यात मिसळून पावसात उभ्याने ऐकून घ्यायचं? आणि तक्रार करायची कोणाकडे? अर्ध्या वाडीची घरं कुलूपबंद, चतुर्थीला उघडतात. शेजारची म्हातारी मला म्हणते, "तुझो झिल तरी घरात आसा." तिचे तिघे मुंबईत. तिच्यापुढे काय बोलणार?

साडेदहाला चिरंजीव छत्री घेऊन आले. पायात चप्पल, केस ओले, अंगाला साबणाचा वास.

"मालक, एकवीस कलमां झाली," कल्टारवाला अदबीने म्हणाला.

चिरंजीवांनी मोबाईल काढला, त्याचा कोड स्कॅन केला, वर चहाला शंभर घातले. दोन सेकंदांत माझ्या बनियनच्या खिशातल्या प्लास्टिकच्या पिशवीत मेसेज वाजला. खातं माझं होतं.

"मालक बरे आसत," कल्टारवाला मला हळूच म्हणाला. "घासाघीस नाय." मग डबे उचलून गडग्यापलीकडे जाता जाता वळून ओरडला, "पहार धुवन ठेव रे!"

मघापासून निदान 'धरा' तरी होतं.

मी पहार धुऊन ठेवली.