लग्न लावून दिल्याने कुणी ‘सुटत’ नाही

बायसेक्शुअल, म्हणजे एकाहून अधिक लिंगांच्या माणसांबद्दल ओढ वाटणाऱ्या लोकांवर, ठाण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मजकूर फिरतोय: बायसेक्शुअल म्हणजे गोंधळलेली पोरं, त्यांना एकाशी निष्ठा म्हणून नसते, हे खूळ परदेशातून आलंय. डॉक्टरला दाखवा, नाहीतर वेळेवर लग्न लावून द्या, सुटेल.

आधी गोंधळाचं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लिसा डायमंड यांनी 79 स्त्रियांशी 10 वर्षं पुन्हा पुन्हा बोलून 2008 साली निष्कर्ष मांडला: बायसेक्शुअल असणं हा मधला टप्पा नाही, ते टिकून राहतं.

निष्ठेबद्दल लेखिका-कार्यकर्त्या रॉबिन ओक्स यांचं ऐका. 1983 मध्ये बॉस्टनला बायसेक्शुअल स्त्रियांची संघटना उभारणाऱ्यांत त्या होत्या. त्या सांगतात, ओढ एकाहून अधिक लिंगांच्या माणसांबद्दल वाटू शकते. पण ती एकाच वेळी, एकाच तऱ्हेने किंवा सारखीच वाटेल असं नाही. ‘दोघंही एकदम हवेत’ हा अर्थ आपण चिकटवलेला. 17 मे 2004 ला मॅसॅच्युसेट्समध्ये समलिंगी विवाह कायदेशीर झाले, त्याच दिवशी त्यांनी आपल्या जोडीदारणीशी लग्न केलं. आणि त्यानंतरही त्या स्वतःला बायसेक्शुअलच म्हणवत आल्या.

परदेशातून आलं ते समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम 377, इंग्रजांच्या 1860 च्या दंडसंहितेतलं. सज्ञानांच्या संमतीच्या संबंधांपुरतं ते सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 ला काढून टाकलं.

मला सगळ्यात जास्त चीड येते ती ‘लग्न लावून द्या’ची. घोडबंदर रोडला राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीच्या आईने कांदेपोह्यांच्या दिवशी साडीला पिना लावता लावता तिला बजावलं होतं, “एकदा संसाराला लागलीस की जाईल डोक्यातलं.” ती गप्प बसली नाही. पुढच्याच भेटीत, तलावपाळीला चालता चालता, तिने मुलाला सगळं सांगितलं. तो म्हणाला, “माझ्याबद्दल काय वाटतं, तेवढं सांग.” आज त्यांचा संसार छान चाललाय. नवऱ्यावर तिचं प्रेम आहे आणि आधी एका मुलीवर जीव होता, हेही ती नाकारत नाही. आईच्या सल्ल्याने लपवून बोहल्यावर चढली असती, तर दोघांचीही फसवणूक झाली असती.

राहिला डॉक्टर. लैंगिक कल ‘बदलून देण्याचे’ उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना कळवलंय. ठाण्यात कुणी डॉक्टर ‘बरं करून देतो’ म्हणाला, तर महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे त्याची सरळ तक्रार करा.