मोर ब्रह्मचारी? मग पिसारा कशाला?

‘मोर आजन्म ब्रह्मचारी असतो. तो रडतो, लांडोर त्याचे अश्रू टिपते आणि तिला गर्भ राहतो. म्हणूनच श्रीकृष्णाने मोरपीस मस्तकी धारण केले.’ हा निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर अजून फिरतोच आहे. ३१ मे २०१७ रोजी राजस्थान उच्च न्यायालयाचे न्यायाधीश महेशचंद्र शर्मा यांनी निवृत्तीच्या दिवशी पत्रकारांशी बोलताना हेच सांगितलं आणि त्याला वजन आलं. आता एकेक मुद्दा घेऊ.

‘अश्रू पिऊन गर्भ राहतो’

चोचीत गेलेला थेंब अन्ननलिकेतून जठरात जातो आणि पचतो. जठरातून अंडनलिकेत जायला वाटच नाही. दोन्ही मार्ग एकत्र येतात ते थेट शेपटीखालच्या अवस्करात, म्हणजे बाहेर पडायच्या दारापाशी. शिवाय शुक्राणू डोळ्यात तयार होत नाहीत. मोराची वृषणं पोटात, मूत्रपिंडांजवळ असतात आणि हंगामात चांगलीच फुगतात.

मीलन इतर बहुतेक पक्ष्यांसारखंच होतं. लांडोर खाली बसते, मोर पाठीवर चढतो, दोघांचे अवस्कर क्षणभर टेकतात. काही सेकंदांत सगळं आटोपतं. नाच मात्र बराच वेळ चालतो, त्यामुळे नाच सगळ्यांनी पाहिलेला असतो आणि मीलन फार थोड्यांनी.

गोंधळाचं आणखी एक कारण आहे. मादीच्या अंडनलिकेच्या भिंतीत सूक्ष्म नळ्या असतात आणि शुक्राणू त्यांत साठून राहतात. कोंबडीत एका मीलनानंतर दोन-तीन आठवडे फलित अंडी मिळू शकतात. ‘नर जवळ नव्हता, तरी पिल्लं झाली’ या गोष्टींचं मूळ बहुधा इथंच असतं.

खात्री करायची तर घरच्या कोंबडीवर करा. मोरावर नको, वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार तो पहिल्या अनुसूचीत आहे. कोंबडीला कोंबड्यापासून वेगळं ठेवा आणि किमान चार आठवडे थांबा. बहुतेकांची चूक इथंच होते: चार दिवसांत अंडं फोडतात आणि ते फलित निघालं की चमत्कार जाहीर करतात. चार आठवड्यांनंतरचं ताजं अंडं बशीत फोडा आणि पिवळ्या बलकावरचा पांढरा ठिपका बघा. अफलित अंड्यात तो लहान, भरीव आणि वेड्यावाकड्या कडेचा दिसतो. फलित अंड्यात तो मोठा, साधारण चार मिलिमीटरचा असतो आणि भोवती गोल कडं दिसतं. नराशिवायही अंडी येत राहतील, पण खुडूक कोंबडीखाली ठेवली तरी ती उबणार नाहीत. (टर्कीत क्वचित नराविना भ्रूण वाढू लागतो, हे खरं. अश्रूंचा त्याच्याशीही संबंध नाही.)

‘मोर ब्रह्मचारी आहे’

सगळ्यात उलटी गोष्ट ही. मोर एकाच हंगामात अनेक लांडोरींशी मीलन करतो. घरटं, अंडी उबवणं, पिल्लं सांभाळणं यांतलं काहीही करत नाही. जमिनीवरच्या खळग्यात चार-सहा अंडी घालून सुमारे २८ दिवस लांडोर एकटीच बसते.

नर एकमेकांच्या जवळ आपापल्या जागा धरून नाचतात. लांडोर एकेकाला भेट देते, रेंगाळते, दाणे टिपल्यासारखं करते आणि बहुतेकदा निघून जाते. इंग्लंडमधल्या व्हिप्सनेड उद्यानात मॅरियन पेट्री आणि सहकाऱ्यांनी मोकळ्या फिरणाऱ्या मोरांवर नजर ठेवली. १९९१ साली त्यांनी मांडलेल्या निरीक्षणांत लांडोर मीलनापर्यंत गेल्याचे ११ प्रसंग होते. त्यांपैकी १० वेळा तिने भेट दिलेल्या नरांमधला पिसाऱ्यावर सर्वांत जास्त ‘डोळे’ (डोळ्यासारखे ठिपके) असलेला नर निवडला होता. पुढे काही नरांच्या पिसाऱ्यातले २० डोळे कापून टाकले, तर पुढच्या हंगामात त्यांचा भाव उतरला. १९९४ साली पेट्री यांनी दाखवलं की ज्यांच्या पिसाऱ्यावरचे डोळे मोठे, त्या नरांची पिल्लं जास्त वाढली आणि जास्त जगली.

पण ‘डोळे मोजा, नवरा निवडा’ इतकं हे सोपं नाही. जपानमधल्या सात वर्षांच्या अभ्यासात, २००८ साली, असा संबंध दिसलाच नाही. नंतर कॅनडातल्या रॉझलिन डेकिन आणि रॉबर्ट माँटगोमेरी यांनी यातून वाट काढली: धडधाकट मोरांच्या पिसाऱ्यात डोळ्यांची संख्या १६५-१७० च्या आसपास असते आणि तेवढ्यातल्या फरकाने बिघडत नाही, बरेच डोळे कमी झाले तर मात्र लांडोर पाठ फिरवते. रंगाची झळाळी आणि पिसाऱ्याची थरथर हेही मोजलं जातं. ही थरथर सेकंदाला सुमारे २५ वेळा होते.

आणि हे तर ऐकाच. मीलनासाठी झेपावताना मोर एक खास आवाज काढतो. काही मोर लांडोर आसपास नसतानाही तो काढतात, आणि त्या आवाजाने दूरच्या लांडोरी तिकडे वळतात. न झालेल्या मीलनाची दवंडी पिटणारा ब्रह्मचारी!

‘पाय बघून रडतो’, ‘पाऊस आला म्हणून नाचतो’

पक्ष्यांचे अश्रू डोळा ओला आणि स्वच्छ ठेवायला असतात; दुःखाने रडणं त्यांच्यात नाही. नाच पावसाळ्याला जुळतो, कारण बहुतेक भारतात विणीचा हंगाम तोच. पिल्लांना तेव्हा किडे भरपूर मिळतात. लांडोर समोर असेल तर मोर कोरड्या जमिनीवरही नाचतो.

‘पवित्र, म्हणून पिसारा’

पिसारा म्हणजे शेपूट नव्हे. खरी शेपटी वीस तपकिरी पिसांची, मागे दडलेली. पिसारा उभारताना आधार देते ती. झगमगतात ती शेपटीवरची वाढलेली आच्छादक पिसं. पहिल्या वर्षी नराला ती नसतातच, पूर्ण पिसारा यायला तीन-चार वर्षं लागतात. लांडोरीला त्यांची गरज नाही, कारण निवड तीच करते. मोराच्या पिसाकडे पाहिलं की अस्वस्थ व्हायला होतं, असं डार्विनने १८६० साली एका पत्रात लिहिलं होतं, कारण जगण्याच्या झगड्यात त्याचा उपयोग दिसत नव्हता. १८७१ मध्ये त्याने उत्तर मांडलं: मादीची पसंती हीसुद्धा निवडच आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्या ती पिसारा घडवत जाते. लांडोरीचं काम अश्रूंनी भागत असतं, तर एवढ्या लांब पिसाऱ्याचा भार वाहायला मोराला कारणच उरलं नसतं.

कृष्णाच्या मुकुटातलं मोरपीस श्रद्धेचा विषय आहे. त्याला या प्राणिशास्त्राची गरज नाही. रानात ते पीस सापडतं पावसाळ्याच्या शेवटाला. मीलनाचा हंगाम आटोपला की मोराचा पिसारा गळतो, आणि पुढच्या हंगामासाठी त्याला तो नव्याने वाढवावा लागतो.