अंगठ्याची झीज

माझी आई जिवंत आहे, याबद्दल आमच्या घरात दुमत नाही. पहाटे पाच वाजता तिचा आवाज थेट अशोक चौकापर्यंत पोहोचतो. शासनाला मात्र दरवर्षी नव्याने खात्री करून घ्यावी लागते आणि ती अंगठ्यावरून होते. अडचण अशी की, आईने पस्तीस वर्षे विड्या वळल्या आहेत. भिजवलेले तेंदूचे पान कातरीने कापायचे, तंबाखू भरून वळायचे, टोक नखाने आत दुमडायचे आणि दोरा बांधायचा, हे दिवसाला हजार वेळा केल्यावर बोटांवरच्या रेषा कुठे गेल्या, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. ज्या कामाची पेन्शन मिळते, त्याच कामाने पेन्शनचा पुरावा पुसून टाकला. पेन्शन महिना 1000 रुपये. हा किमान आकडा 2014 साली ठरला आणि तेव्हापासून महागाईच्या नादी न लागता त्याने आपले चारित्र्य सांभाळले आहे.

हयातीचा दाखला काढून देणाऱ्या केंद्रातल्या रांगेत देशाच्या वाटचालीवर चर्चा रंगली होती. एका काकांच्या मते सगळा बिघाड 2014 नंतरचा, दुसऱ्यांच्या मते त्याआधीच्या साठ वर्षांचा. दोघे हमरीतुमरीवर येणार, एवढ्यात आतून ‘सर्व्हर डाऊन’ अशी हाक आली आणि जे राष्ट्रीय ऐक्य एरवी क्रिकेटमध्येच दिसते, ते त्या रांगेत दिसले.

दीड तासाने आईचा नंबर लागला. यंत्राने सहा वेळा अंगठा नाकारला. “मावशी, बोट जरा केसांना पुसा,” असा तांत्रिक सल्ला मिळाला. तोही वाया गेला. आई म्हणाली, “कारखान्यातला चेकर विड्या बाद करायचा, पण का बाद केल्या ते तरी सांगायचा.”

सोलापुरात कामगारांची उपेक्षा झाली, असे मात्र म्हणता येणार नाही. शहराजवळच्या कुंभारी गावातल्या कामगार वसाहतींमधली घरे द्यायला 2006 साली डॉ. मनमोहन सिंग आले होते आणि 2024 साली नरेंद्र मोदी. मतदानाच्या दिवशीही आईच्या बोटाबद्दल कोणाची तक्रार नसते. त्या गुळगुळीत कातडीवर शाई झकास बसते.

शेवटी केंद्रातल्या मुलाने मोबाइल काढला, कारण आता चेहऱ्यावरूनही दाखला निघतो. त्यासाठी डोळ्यांची उघडझाप करावी लागते. आई, विड्यांचा हिशेब चुकवणाऱ्या मुकादमाकडे बघावे तशी, मोबाइलकडे टक लावून बसली.

“आई, एकदा डोळे मिट ना.”

“उघडे ठेवून एवढं गेलं, मिटल्यावर काय राहील?”

रांग हसली, मुलगा रडकुंडीला आला. तेवढ्यात समोरच्या, चार महिने खोदून ठेवलेल्या रस्त्यावरून एक टमटम गेली, धुळीचा लोट आत आला आणि आईचे डोळे आपोआप मिटले. पडद्यावर हिरवी खूण उमटली. तो रस्ता ज्याने कोणी खोदून ठेवला होता, त्याचे मी खोकत खोकत आभार मानले.