माघवारी आणि डिलिव्हरीची तारीख

माझा थोरला भाऊ माळकरी आहे. बेळगावात उद्यमबागेत त्याचं मशीनिंगचं वर्कशॉप आहे. चौदा कामगार, तीन सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारी मशीनं, आणि वडिलांच्या काळातलं एक जुनं लेथ. त्या लेथवर उभं राहायचं झालं की दादा गळ्यातली तुळशीची माळ शर्टाच्या आत सारतो, वरचं बटण लावतो आणि मगच चक, म्हणजे पीस पकडून गरगर फिरणारा भाग, फिरवतो. माळ चकात अडकली तर जीवावर बेतेल म्हणून. ती काढून खुंटीला लावलेली मात्र मी कधी पाहिली नाही.

सुगी आटोपली की माघात तो गावच्या दिंडीबरोबर पायी पंढरपूरला जातो. अकरा-बारा दिवस फोन बंद. यंदा त्याच दिवसांत पुण्याच्या एका ग्राहकाचा माल अडकला, दंड बसला आणि पुढची ऑर्डर दुसरीकडे गेली. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पुतण्याने सरळच लिहिलं, ‘‘तुकोबांचं दुकान बुडालं म्हणून आपलंही बुडवायचं काय? काका, तुम्हीच सांगा, जर्मनीत असलं चालतं का?’’ दादाचं उत्तर एका ओळीचं, ‘‘पुढच्या माघातबी मी जाऊलालोय.’’

मी अठरा वर्षं स्टुटगार्टजवळ राहतो. माझी दोन माणसांची कंपनी आहे. बेळगावातल्या तीन-चार वर्कशॉपमधून पार्ट घेऊन इथल्या पंप बनवणाऱ्यांना पुरवतो. म्हणजे तारखा पाळल्या नाहीत तर काय होतं, हे मला पुतण्याइतकंच कळतं. तरीही त्याचा प्रश्न ऐकून मी थोडा हललो. जर्मन माणूस देवधर्म बाजूला ठेवून पुढे गेला, असं तिकडे धरूनच चालतात. पण इथे रविवारी दुकानं बंद असतात, ती मालकाच्या लहरीवर नाही. जर्मनीच्या १९१९ च्या वायमार राज्यघटनेत एक कलम होतं : रविवार आणि सणाचे दिवस कामापासून विश्रांतीसाठी आणि मनाच्या उन्नतीसाठी राखलेले राहतील. १९४९ च्या राज्यघटनेने ते कलम तसंच पुढे चालू ठेवलं, आणि आजही ते लागू आहे. ऑगस्टमध्ये कित्येक छोटे कारखाने दोन-तीन आठवडे सरळ कुलूप लावतात. माझे ग्राहक जानेवारीतच बंदच्या तारखा कळवतात. त्यांना कुणी मागासलेलं म्हणत नाही.

माघी एकादशी कधी आहे, हे तर पंचांगात वर्षभर आधी छापलेलं असतं. मग ती पुण्याच्या ग्राहकाला दिलेल्या वेळापत्रकात का नव्हती? दादाची चूक मला इथे दिसते, आणि ती लहान नाही. तुकोबांनी सावकारीची खतं इंद्रायणीत बुडवली, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. पण परंपरा आणखी एक सांगते आणि आपण ते विसरतो : त्यांनी आधी धाकट्या कान्होबांचा वाटा त्यांना दिला आणि बुडवली ती फक्त आपल्या वाट्याची. चौदा घरांचा पगार दादाच्या एकट्याच्या वाट्याचा नाही. मी हे त्याला फोनवर सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता.

पण पुतण्याला वाटतं तशी वारी म्हणजे बारा दिवसांची सुट्टी नव्हे, हे मला त्या वर्कशॉपमध्येच कळलंय. फाउंड्रीत ओतून आलेलं कास्टिंग मशीनवर चढवलं आणि एक-दोन मिलिमीटर कापलं की कधीकधी आत ब्लो-होल, म्हणजे ओतताना राहिलेलं पोकळ भोक, निघतं. त्यात मेटल पुटी भरून वर रंग मारला तर डोळ्यांना काही दिसत नाही. दाब आला की मात्र गळती सुरू होते. मी सुट्टीवर गावी गेलो असताना दादाने असे अकरा पीस बाजूला काढले आणि प्रत्येकावर लाल खडूने फुली मारली. फाउंड्रीवाला म्हणत होता, पुटी भरा, कोण बघतंय? दादाने शर्टाच्या आत हात घालून माळ चाचपली. बोलला काहीच नाही. शेजारी बैलहोंगलकडचा त्याचा फोरमन उभा होता, कपाळाला विभूती लावलेला. तो कन्नडमध्ये एवढंच म्हणाला, ‘‘कायकवे कैलास.’’ काम हाच कैलास. बाराव्या शतकातल्या शरणांनी, म्हणजे लिंगायत संतांनी, कायकाच्या जोडीला दासोह सांगितला. प्रामाणिक कष्टाने मिळवायचं आणि त्यातलं समाजाला द्यायचं. बाहेर पाट्यांच्या भाषेवरून वाद पेटतात, सीमेचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्या शेडमध्ये मात्र वारकरी आणि लिंगायत एकाच पीसवर फुली मारत होते.

मला खरा राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. गावी गेलो की देवळांच्या आणि गणेश मंडळांच्या देणगीफलकांवर ओळखीची नावं वाचतो. त्यातल्या काहींनी फाउंड्रीवाल्यांची बिलं चार-चार महिने अडवून ठेवलेली असतात. २००६ च्या कायद्याप्रमाणे छोट्या उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात. ज्याचं बिल अडतं त्याच्या कामगाराची दिवाळी कोरडी जाते. त्या पैशांतून चढवलेला कळस मला बघवत नाही. देवाला द्यायच्या आधी देणं फेडा, हे आमच्या आईचं साधं म्हणणं होतं.

आई गेली तेव्हा मी हॅनोव्हरच्या प्रदर्शनात स्टॉलवर उभा होतो. फोन वाजला, मी समोरच्या ग्राहकाला थांबा म्हटलं नाही, बोलणं पूर्ण केलं आणि मग उचलला. ऑर्डर मिळाली. त्या वर्षी माझी उलाढाल दुप्पट झाली. इथल्या घटनेने दिलेले रविवार मला दर आठवड्याला मिळतात. त्या दिवशीही मी मेल बघत बसतो. वेळ राखून ठेवला म्हणून तो आपोआप भरत नाही. दादाचे बारा दिवस भरलेले असतात, हे त्याच्या भेगाळलेल्या टाचा बघितल्या तरी कळतं.

गेल्या आठवड्यात मी माझ्या सगळ्या ग्राहकांना पुढच्या वर्षाचं वेळापत्रक पाठवलं. ऑगस्टच्या त्यांच्या सुट्ट्यांखाली एक ओळ घातली : माघ शुद्ध एकादशीच्या आधीचे बारा दिवस बेळगावहून माल निघणार नाही. एकाने विचारलं, हा कुठला सण? मी दोन वाक्यांत सांगितलं. त्याचं उत्तर आलं : ठीक आहे, जानेवारीचा लॉट दहा दिवस आधी पाठवा. ते मी ग्रुपवर टाकलं. पुतण्याने लगेच विचारलं, ‘‘किती पीस, काका?’’