सेजब्रश जाळून हरणं पोसली जात नाहीत

अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या, विशेषतः आयडाहो, नेवाडा, युटा भागातल्या डोंगरी झुडुपरानांबद्दल एक दावा बराच फिरतो. तो थोडक्यात असा: सेजब्रश हे झुडूप निकामी, त्याला कुणी तोंड लावत नाही, तो पाणी पिऊन गवत मारतो. म्हणून उतार एकदा जाळावा. गवत येईल, हरणांचं आवडतं दुसरं झुडूप, बिटरब्रश, बुंध्यातून फुटेल आणि सेजब्रशही दोन-चार वर्षांत परतेल. यातलं एखादं वाक्य एखाद्या उतारावर खरं ठरतं. सगळी मिळून कुठेच ठरत नाहीत.

‘कुणी तोंड लावत नाही’

जोतिबाला वाहतात त्या दवण्याचा सेजब्रश हा भाऊबंद, दोघेही आर्टेमिसिया या एकाच वंशातले. याच्या उग्र वासामागे टर्पीनं ही उडून जाणारी रसायनं असतात. ती पोटातल्या सूक्ष्मजीवांना मानवत नाहीत, म्हणून इथलं म्यूल हरीण नुसत्या सेजब्रशवर पोट भरू शकत नाही. पण बर्फाखाली गवत गाडलं गेलं की हिरवी पानं आणि सुक्या गवताहून कितीतरी जास्त प्रथिनं याच्याकडेच मिळतात. तेव्हा हरीण बिटरब्रशच्या काड्या आणि सेजब्रशची पानं मिसळून खातं. सेजग्राउज पक्षी तर हिवाळाभर जवळपास याच पानांवर जगतो. हरणं मरतात ती बहुधा हिवाळ्याच्या शेवटी, आणि जाळून मिळतं ते उन्हाळी गवत. हिशेब इथेच चुकतो.

‘पाणी पितो, गवत मारतो’

पाणी पितोच. पण रिचर्ड्स आणि काल्डवेल यांनी १९८७ मध्ये युटातल्या कामातून दाखवलं की त्याची मुळं रात्री खालच्या ओल्या थरातलं पाणी उचलून वरच्या कोरड्या मातीत सोडतात. ते पाणी शेजारच्या गवतालाही घेता येतं. फांद्यांच्या आडोशाला वाऱ्याने उडणारा बर्फही साचतो. दाट झुडपं विरळ केल्यावर गवत काही वर्षं जोमानं येतं, हेही खरं. पण बहुवर्षायू गवतांचे ठोंब शिल्लक असतील तरच.

‘दोघंही परत फुटतात’

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. डोंगरी सेजब्रश, म्हणजे या रानांतली सेजब्रशची उपजात, आगीनंतर बुंध्यातून फुटत नाही. आग लागली की झाड संपलं. परत यायचं ते बियांतूनच. बी ऑक्टोबर ते डिसेंबरात पिकतं, किलोत ४० लाखांच्या आसपास भरेल इतकं बारीक. त्यातलं बहुतेक आईझाडापासून काही मीटरांतच पडतं आणि मातीत फार वर्षं तग धरत नाही. त्यामुळे मोठ्या जळिताचा मधला भाग वर्षानुवर्षं रिकामा राहतो. जागा चांगली असली तरी रान पूर्ववत व्हायला दोन-तीन दशकं सहज जातात.

बिटरब्रश फुटतो, पण कधी कधी. पसरट, जमिनीलगत फांद्या टेकून मुळं धरणारी झाडं बऱ्यापैकी वाचतात, तर उंच उभी बहुतेक मरतात. वसंतात माती ओली असताना आग लागली तर आशा जास्त, आणि उन्हाळ्याअखेरच्या कोरड्या, तापलेल्या आगीत जवळपास नाही. त्याचं बी मोठं, किलोत ३०-३५ हजार, वाऱ्याने न उडणारं. ते पसरतं उंदीर आणि खारीसारख्या चिपमंकांच्या पुरून ठेवलेल्या साठ्यांतून, म्हणून रोपंही झुबक्यानं उगवतात. शिवाय फुलं येतात मागच्या वर्षीच्या काडीवर. हरणांनी आणि गुरांनी ती काडीच ओरबाडली तर पुढच्या वर्षी बी नाही.

‘गवत तर येईलच’

येईल, पण कोणतं? ब्लूबंच व्हीटग्रास आणि आयडाहो फेस्क्यू ही इथली बहुवर्षायू गवतं हवीत. ती कमी असतील तर चीटग्रास हे बाहेरून आलेलं एकवर्षायू गवत घुसतं. ते शरदात उगवतं, वसंतातली ओल आधी संपवतं, उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच वाळतं आणि झुडपांमधल्या मोकळ्या जागा सलग सरपणानं भरतं. मग काही वर्षांत पुन्हा आग, आणि सेजब्रशला बी धरायलाही उसंत नाही. उंच, थंड, ओलसर उतार याला बराच विरोध करतात. धोका असतो दक्षिणेकडे तोंड केलेल्या उतारांवर आणि रानाच्या खालच्या कडेला. जाळण्याआधी म्हणून बहुवर्षायू गवत आणि इतर वनस्पतींचं आच्छादन मोजावं. साधारण २० टक्क्यांच्या खाली असेल तर काडी लावू नये.

आग नेहमीच वाईट, असंही नाही. उंचावर जुनिपरची झाडं रानात शिरत असतील आणि खाली ठोंब भक्कम असतील, तर ओल्या मातीत, ठिगळांसारखं जाळणं योग्य असतं, मध्ये न जळालेली बेटं राखून.

‘नाहीतर बी टाकू’

टाका, पण दोन्ही बिया एकाच पेरणीयंत्रातून नको. बिटरब्रशला १ ते २.५ सेंटिमीटर खोली लागते. त्याच खोलीवर सेजब्रश गाडला जातो आणि उगवत नाही. त्याचं बी हिवाळ्याच्या तोंडाशी पृष्ठभागावर विखुरून रोलरने नुसतं दाबायचं. बिटरब्रश शरदातच पेरावा, कारण उगवायला त्याला काही आठवडे ओली थंडी लागते. मात्र उंदीर बराच वाटा उचलतात, तेव्हा एका जागी अनेक बिया घालाव्यात. सेजब्रशचं जुनं बी घेऊ नका आणि उपजात तपासा: सेजब्रशच्याच वायोमिंग नावाच्या दुसऱ्या उपजातीचं बी डोंगरी जागेवर टिकेल याचा भरवसा नाही. ज्या झाडांवरून बी गोळा करायचं, त्यांचं पान चुरडून पाण्यात टाकून अंधारात अतिनील टॉर्च मारा. डोंगरी उपजातीचं पाणी निळसर पांढरं चमकतं, वायोमिंगचं जेमतेम.