गुन्हा तो गुन्हाच? कुठला, कधीचा, कुणी ठरवलेला?

एक मेसेज बरेच दिवस फिरतोय. आशय असा: खून, चोरी, बलात्कार या गोष्टी जगाच्या पाठीवर कुठेही, कुठल्याही काळात गुन्हेच होत्या. कायदा त्या फक्त लिहून काढतो. गुन्हे वाढताना दिसतात ते माणूस बिघडला म्हणून. आणि 'गुन्ह्याची व्याख्या बदलत असते' असं म्हणणारे खरं तर गुन्हेगारांचे वकील. भाषा ठाम आहे, त्यामुळे पटकन पटते. एकेक मुद्दा घेऊ.

आधी खून, कारण मेसेजची सगळी भिस्त त्यावर आहे. आपल्यातल्या माणसाला विनाकारण मारू नये, हे जवळपास प्रत्येक समाजाने मानलं, एवढं मान्य. पण 'आपल्यातला' कोण आणि 'कारण' कशाला म्हणायचं, इथे एकमत संपतं. प्राचीन रोममध्ये नको असलेलं तान्हं मूल टाकून द्यायचा अधिकार बापाला होता. तान्ह्या मुलाला मारणं हा देहदंडाचा गुन्हा ठरला इ.स. ३७४ मध्ये. मध्ययुगाच्या सुरुवातीच्या पश्चिम युरोपातल्या फ्रँक लोकांच्या सॅलिक कायद्यात तर माणूस मारला की दर लावलेला होता: स्वतंत्र फ्रँकसाठी २०० सॉलिडस (सोन्याची नाणी), राजाच्या खास माणसासाठी ६००, जमीनदार रोमन असेल तर १००. म्हणजे खून हा मुख्यतः दोन घरांमधला हिशेब. 'सरकार विरुद्ध अमुक' असा खटला चालवायची पद्धत बसायला पुढे बराच काळ जावा लागला.

सतीचं उदाहरण याहून बोलकं आहे. ४ डिसेंबर १८२९ च्या बंगालच्या नियमाने सतीला मदत करणं सदोष मनुष्यवधात धरलं. त्याआधीची काही वर्षं कंपनी सरकारचेच अधिकारी 'कायदेशीर' सती आणि 'बेकायदा' सती असा भेद करत होते! चिता तीच आणि भोवतीची माणसंही तीच. कालपर्यंत पुण्य जोडायला आलेला माणूस आज आरोपी झाला.

चोरीचं काय? चोरी ठरायला आधी मालकी ठरावी लागते. अमेरिकेत १८५० च्या कायद्यानुसार पळालेल्या गुलामाला आसरा देणाऱ्याला हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होती. कारण पळालेला माणूस कायद्याच्या नजरेत कुणाची तरी मालमत्ता होता. उलट सोव्हिएत रशियात स्वस्तात घेऊन नफ्याने विकणं हाच 'सट्टेबाजी' नावाचा फौजदारी गुन्हा होता. तो रद्द झाला १९९१ मध्ये. बाकी जगात त्याला व्यापार म्हणतात.

'कायदा फक्त लिहून काढतो' हा मुद्दा मला सर्वांत धोकादायक वाटतो, कारण त्यात लिहिणारा हात दिसेनासा होतो. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा पाहा. त्याने एखादं कृत्य नव्हे, जन्मच गुन्ह्याच्या खात्यात टाकला. सरकारने यादीत घातलेल्या जमातीत जन्म झाला की नोंदणी, हजेरी, गावाबाहेर जायचं तर परवाना. आधी उत्तरेत आलेला हा कायदा १९११ नंतर सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानात लावता येऊ लागला. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो रद्द झाला आणि त्या जमातींना 'विमुक्त' हे नाव मिळालं. एका कागदाने गुन्हेगार केलं, दुसऱ्याने सोडवलं. मधली ८१ वर्षं मात्र परत आली नाहीत आणि संशयाची नजरही गेली नाही. आता सांगा, या कायद्याने आधीपासून असलेला कुठला गुन्हा 'लिहून काढला'?

याच्या उलटही घडतं. कत्तली जुन्या, पण 'जेनोसाइड' म्हणजे वंशसंहार हा शब्द कायदेतज्ज्ञ राफाएल लेम्किन यांनी १९४४ मध्ये वापरात आणला आणि तो आंतरराष्ट्रीय गुन्हा ठरवणारा करार संयुक्त राष्ट्रांनी स्वीकारला ९ डिसेंबर १९४८ ला. आतल्या माहितीवर शेअर्सची खरेदी-विक्री जपानमध्ये १९८८ पर्यंत स्पष्टपणे गुन्हा नव्हती.

देशांतले फरक तर गमतीचेच आहेत. जर्मनीत अपघातग्रस्ताला मदत न करता निघून जाणं गुन्हा आहे. इंग्लंडच्या कायद्यात अनोळखी माणसाला वाचवायची सर्वसाधारण जबाबदारीच नाही. आणि त्याच जर्मनीत कैद्याने एकट्याने तुरुंगातून पळून जाणं हा स्वतंत्र गुन्हा नाही. कुलूप फोडलं, पहारेकऱ्याला मारलं तर त्याची शिक्षा होईल, पळाल्याची नाही. सुटायची इच्छा माणसाला असणारच, अशी त्यामागची धारणा. मेसेज लिहिणाऱ्याला हे पचणार नाही बहुधा.

आकड्यांबद्दल थोडक्यात. स्वीडनने २००५ मध्ये बलात्काराची व्याख्या रुंदावली, शिवाय तिथे प्रत्येक घटना वेगळी मोजतात. त्यामुळे त्यांचा आकडा दुसऱ्या देशाशेजारी ठेवून 'किती बिघडले' म्हणणं म्हणजे दोन वेगळ्या मापांनी धान्य मोजणं. उलट इंग्लंड-वेल्समध्ये १९६१ साली आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा राहिला नाही. त्या रकान्यातले गुन्हे रातोरात संपले, दुःख तसंच राहिलं.

राहिला गुन्हेगारांच्या वकिलीचा आरोप. व्याख्या बदलते म्हणजे ती नेहमी सैल होते, असं यात गृहीत धरलंय. काही बाबतींत ती सैल झाली, हे खरं: भारतात २०१८ च्या सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध कलम ३७७ मधून वगळले आणि व्यभिचाराचं कलम ४९७ रद्द केलं. पण वर पाहिलेली सती, तान्ह्या मुलांची हत्या, वंशसंहार ही सगळी घट्ट होत गेलेल्या व्याख्येची उदाहरणं आहेत. संमतीचं वय घ्या: १८६० च्या भारतीय दंड संहितेत मुलीसाठी ते १० वर्षं होतं, १८९१ मध्ये १२ झालं. तेव्हाही 'धर्मात ढवळाढवळ' म्हणून मोठा विरोध झालाच. आज ते १८ आहे. व्याख्या बदलायला नकोच होती, असं म्हणायचं असेल तर १० वरच थांबायचं का, याचं उत्तर द्यावं लागेल.

मेसेजने बलात्कारालाही 'सगळीकडे गुन्हा' म्हटलंय, ते राहूनच गेलं. इंग्लंडमध्ये १९९१ पर्यंत नवऱ्याला त्यातून सूट होती. नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये विवाहातला बलात्कार हाही बलात्कारच असल्याचं म्हटलं. भारतात १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये १८ वर्षांवरील पत्नीबाबतचा तो अपवाद अजून छापलेला आहे.