‘वरचा बोल्ट सोडा, हातोडा मारा’: कार्बन चिमट्यावर हा उपाय करू नका

आषाढी जवळ आली, पंढरपूरच्या सायकलवारीची तयारी सुरू झाली की मराठवाड्यातल्या सायकल ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. लातूरचा माणूस टाकतो, संभाजीनगरचा पुढं ढकलतो, नांदेडचा कुणीतरी वर ‘स्वतः करून बघितलंय’ असं लिहून परत पाठवतो. मेसेजचा मतलब एवढाच: कंबर आणि मान दुखते म्हणजे हँडल खाली आहे. दुकानात पैसे घालू नका. वरचा बोल्ट सैल करा, हातोड्याचा एक ठोका द्या, हँडल वर ओढा. येत नसेल तर खाली हवे तेवढे स्पेसर (उंची वाढवायच्या कड्या) टाका. ग्रीस लावा. टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरापर्यंतच आवळायचा पाना) हा दुकानदारांचा धंदा आहे, आपल्या हाताला कळतं. आपल्याकडच्या उन्हात कार्बन (म्हणजे कार्बन फायबर) मऊ पडतो, म्हणून बोल्ट जरा जास्तच आवळा. आणि काही बिनसलंच तर कार्बन आधी कर्रकर्र वाजून सांगतो.

हातोड्याचा उपाय कुणाच्यातरी वडिलांनी ॲटलास नाहीतर हर्क्युलसवर केलेला असणार, आणि तिथं तो बरोबरच आहे. त्या काळ्या सायकलींत हँडलचा खुंटा चिमट्याच्या, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या, लोखंडी नळीत आत उतरलेला असतो. वरच्या लांब बोल्टच्या खालच्या टोकाला तिरकी पाचर असते. बोल्ट आवळला की पाचर वर ओढली जाते आणि नळीत घट्ट बसते. बोल्ट दोन-तीन फेरे सैल करून ठोका दिला की सुटते. तिथंसुद्धा खुंट्यावर ‘याच्या वर काढू नका’ अशी खूण असते. मेसेज लिहिणाऱ्यानं ती गाळली आहे.

कार्बन चिमट्याच्या सायकलीत हा खुंटा नसतोच. चिमट्याची स्वतःची नळी, म्हणजे स्टिअरर, फ्रेममधून वर येते आणि स्टेम, म्हणजे हँडलला या नळीशी जोडणारा तुकडा, तिला बाहेरून कवटाळतो. हँडल धरून ठेवतात ते स्टेमच्या मागच्या बाजूचे दोन बोल्ट. स्टेमवर बसणाऱ्या टोपीच्या बोल्टचं काम फक्त बेअरिंगमधली ढिलाई काढणं. तो बोल्ट नळीच्या आत फुगवून बसवलेल्या एक्सपांडरला वर ओढतो, त्यामुळं टोपी स्टेमला खाली दाबते, स्टेम स्पेसरला आणि स्पेसर बेअरिंगला. म्हणजे तो सैल करून हातोडा मारला तर हँडल तसूभरही वर येत नाही. ठोका बसतो तो एक्सपांडरवर आणि कार्बनच्या नळीवर. मग माणूस वैतागून तोच बोल्ट जीव खाऊन आवळतो. मागचे बोल्ट घट्ट असताना टोपी आवळून बेअरिंगला काहीच होत नाही, फक्त एक्सपांडर जागेवरून वर सरकतो. ते सैल असताना आवळली तर बेअरिंग चिरडून हँडल जड फिरायला लागतं.

खरा क्रम सांगतो. सायकल जमिनीवर उभी ठेवा, पुढचं चाक काढू नका. स्टँडवर टांगली असेल तर चिमटा एका हातानं धरून ठेवा, कारण स्टेम निघाला की तो खाली निसटतो. टोपी काढा, मागचे दोन्ही बोल्ट सैल करा, स्टेम वर उचला. वरचे स्पेसर खाली घाला आणि स्टेम बसवा. आता आधी टोपी, हलक्या हातानं, ढिलाई जाईपर्यंतच. मग हँडल चाकाच्या रेषेत आणा आणि शेवटी मागचे दोन बोल्ट आलटून पालटून, थोडे थोडे आवळा. तपासायला पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढंमागं हलवा, दुसऱ्या हाताचं बोट फ्रेम आणि चिमट्याच्या सांध्यावर ठेवा. टकटक जाणवली तर टोपी अजून सैल आहे. मागचे बोल्ट सोडून पुन्हा करायचं. पुढचं चाक उचलल्यावर हँडल आपल्या वजनानं बाजूला झुकलं पाहिजे. अडखळत असेल तर टोपी जास्त झाली. एवढं झालं की हँडल दोन्हीकडं पूर्ण वळवून केबल ताणत नाही ना तेही बघून घ्या.

‘हवे तेवढे स्पेसर’ हा या मेसेजचा सगळ्यात घातकी सल्ला. सायकल बनवणाऱ्या बहुतेक कंपन्या कार्बन स्टिअररवर स्टेमखाली साधारण ३० ते ४० मिलिमीटरपर्यंतच स्पेसर चालू देतात. तुमच्या सायकलचा नेमका आकडा तिच्या माहितीपुस्तिकेत असतो. कारण साधं आहे. वरच्या बेअरिंगच्या वर नळीला बाहेरून आधार नसतो. म्हैसमाळच्या चढावर उभं राहून हँडल खेचलं, किंवा काळ्या मातीनं लाटा काढलेल्या आपल्या रस्त्यांवर खड्ड्यात आपटलं की सगळा वाक त्या बिनआधाराच्या तुकड्याच्या बुडाशी येतो. तुकडा जितका लांब, तितका वाक जास्त. स्टिअरर वरून लांबवायचे जोडनळकांडे मिळतात, ते तर कार्बनवर लावायचेच नाहीत.

दुसरी भानगड दिसत नाही, म्हणून जास्त वाईट. दुकानात स्टिअरर बहुधा आधीच कापलेला असतो. स्टेमच्या वर एकही स्पेसर नसताना बाहेरून आणलेले दोन स्पेसर खाली घातले तर नळी लांब होत नाही, स्टेमच तिच्या टोकावरून वर सरकतो. बाहेरून सगळं ठाकठीक दिसतं, टोपीसुद्धा बसते. पण आत टॉर्च मारून बघा: स्टेमच्या वरच्या बोल्टच्या पातळीवर नळीच नाही, बोल्ट पोकळी आवळतोय. अख्खं हँडल खालच्या एका बोल्टवर लटकलेलं, आणि स्टेमची खालची कड नळीत रुतत चाललेली. असा स्टेम काढल्यावर काळ्या नळीवर नखाच्या चंद्रासारखा एक फिकट चरा दिसतो. हात फिरवल्यावर तो नखाला अडकला की चिमटा वापरातून काढायचा, पॉलिश करून घालवायचा नाही.

माप असं असावं: स्टेमच्या वर एक ५ मिलिमीटरचा स्पेसर, म्हणजे स्टेमची पूर्ण उंची नळीवर येते, आणि नळीचं टोक त्या स्पेसरच्या वरच्या कडेपासून २-३ मिलिमीटर खाली. आतला एक्सपांडर स्टेमच्या पकडीच्या पातळीत हवा, कारण पातळ नळीला आतून टेकू तोच देतो. धातूच्या चिमट्यात ठोकतात ती चांदणीसारखी नट कार्बनमध्ये कधीच ठोकायची नाही. तिचे दात नळीची आतली बाजू खरवडतात. हा आतला टेकू किती महत्त्वाचा असतो ते २०२१ साली दिसलं. स्पेशलाइज्ड कंपनीनं स्टिअररला तडा जाऊ शकतो म्हणून टारमॅक एसएल७ ही महागडी सायकल दुरुस्तीसाठी परत मागवली आणि दुरुस्तीत एक्सपांडर व हेडसेटची (हँडल फिरवणाऱ्या बेअरिंगची) दाबरिंग बदलून दिली.

आता ‘हाताला कळतं’. स्टेमच्या बोल्टची मर्यादा स्टेमवरच लिहिलेली असते, बहुधा ५ न्यूटन-मीटरच्या (आवळण्याच्या जोराचं एकक) आसपास. १० सेंटिमीटरच्या ॲलन कीच्या टोकाला ५ किलो जोर म्हणजे ५ न्यूटन-मीटर. तीच की २० सेंटिमीटरची असली की अडीच किलोतच काम होतं. आपल्या मिस्तरींचा हात चाकाच्या १५ नंबरच्या नटांवर तयार झालेला असतो, तिथं याच्या पाच-सहा पट जोर लागतो. त्यांचा हात कच्चा नाही, सवय वेगळ्या नटाची आहे. टॉर्क रेंच परवडत नसेल तर ५ न्यूटन-मीटरला आपोआप सुटणारी छोटी की मिळते. ग्रुपमध्ये चौघांत एक घेतली तरी भागतं.

ग्रीस बोल्टच्या आट्यांना लावा, बेअरिंगला लावा. नळी आणि स्टेमच्या मध्ये लावू नका. तिथं पकड हवी असते आणि ग्रीस ती घालवतं, मग माणूस घसरतंय म्हणून आणखी आवळतो. त्या जागी बारीक खरखरीत कणांची कार्बन पेस्ट असते, तीसुद्धा पुस्तिकेत परवानगी असेल तरच.

उन्हाचं सोडूनच द्या. कार्बनचे धागे चिकटवून धरणारं इपॉक्सी कारखान्यात साधारणपणे १०० अंशांच्या वर तापवूनच पक्कं केलेलं असतं; परभणीच्या ४३ अंशांनी ते मऊ पडत नाही. (घाट उतरताना रिमब्रेकनं तापलेली कार्बनची रिम ही गोष्ट वेगळी, तिथं उष्णता खरंच त्रास देते.)

‘आधी वाजतं’ यावर भिस्त ठेवू नका. कर्रकर्र बहुतेक वेळा कोरड्या बेअरिंगमधून किंवा धुळीनं भरलेल्या स्टेममधून येतं, आणि खरा तडा आवाज न करता वाढू शकतो. म्हणून धातूचा चिमटा अमर असतो असंही समजू नका: २००६ च्या पॅरिस-रुबे शर्यतीत जॉर्ज हिंकापी या अमेरिकन सायकलपटूचा स्टिअरर तुटून हँडल हातात आलं, आणि तो स्टिअरर ॲल्युमिनियमचा होता. पडल्यानंतर आणि अधूनमधून एरवीही स्टेम काढून नळी डोळ्यांनी बघायची, याला पर्याय नाही.

राहिली कंबर. स्पेसरला हात लावण्याआधी स्टेमच उलटा करून बघा. बऱ्याच सायकलींवर तो ६ अंश खाली झुकलेला असतो. १०० मिलिमीटरचा स्टेम उलटवला की हँडल जवळपास २ सेंटिमीटर वर येतं आणि स्टिअररची बिनआधाराची लांबी जराही वाढत नाही. त्यानं भागलं नाही तर १७ अंशांचा किंवा थोडा आखूड स्टेम. स्टेम आणि हँडल एकसंध असलेल्या, केबल आतून गेलेल्या सायकलींवर यातलं काहीच घरी करू नका. आणि ५-६ सेंटिमीटर उंची हवी असेल तर सायकल तुमच्या मापाची नाही. तेव्हा चिमटा बदला, नाहीतर सायकल.